झाड सांगणारी कुंदाबाई

कॅनडातल्या आमच्या ग्वेल्फच्या घराचं बेसमेंट भाड्यानं द्यायचं संजयनं ठरवलं तेव्हा मी नको म्हणालो होतो. संजय माझा मुलगा, इथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. माझं नको म्हणणं त्यानं नीट ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात भाडेकरू आणला. आधी कॉलेजची पोरं राहून गेली, एक नाशिकचं, एक लातूरचं. सकाळी कॉलेज, संध्याकाळी कुठल्या तरी दुकानात काम, घरी यायची ती झोपायला. त्यांचे चेहरेसुद्धा आज नीट आठवत नाहीत. मग कुंदाबाई आल्या.

कुंदाबाई ढोबळे, नागपूरच्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, केस बारीक कापलेले, आणि तोंड उन्हानं असं रापलेलं की मी सुनेला विचारलं, "ही बाई शेतावर कामाला हाय का?"

"नाही हो आप्पा, त्या युनिव्हर्सिटीत आहेत. चित्त्यांवर रिसर्च करतात," मनीषा म्हणाली.

"ग्वेल्फात चित्तं कुठनं आलं?"

"इथे नाही. आफ्रिकेत, नामिबियात. अर्धं वर्ष तिकडेच असतात."

मला हे काही पटलं नाही. ज्याचा अभ्यास करायचा त्याच्यापासून एवढ्या लांब येऊन राहायचं, हे कसलं शिक्षण. पहिल्यांदा चहाला वर बोलावलं तेव्हा मी हे त्यांच्या तोंडावरच विचारलं. कपात बिस्कीट बुडवत त्या म्हणाल्या, "तिथं नुसतं पाहणं होते, आप्पाजी. समजून घ्यायला टाइमच नाही भेटत. मग हिवाळ्यात इथं बसते, न् काय पाह्यलं ते पुन्हा पाहते."

मी माणदेशातला. शाळा चौथीपर्यंत, पुढं जन्मभर मेंढरं. हे मी लपवत नाही आणि कुणी त्याच्यावरून हसलं तर खपवूनही घेत नाही. कुंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "तुमच्या मेंढरांवर लांडगा कुठून यायचा? वाऱ्याच्या बाजूनं की उलट्या?" त्या दिवशी त्यांचा चहा निवला तरी त्या उठल्या नाहीत. आमच्या घरी येणारी शिकलेली माणसं मला तब्येत विचारतात आणि संजयकडं वळतात. लांडग्याचं कुणी विचारलं नव्हतं.

बाईंच्या तऱ्हा पुष्कळ. बर्फ पडला की ड्राइव्हवे शोव्हल करायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. अंगात एवढा जाड कोट, डोक्यावर माकडटोपी, आणि फावडं धरायची पद्धत आपल्याकडं बांधावर माती ओढतात तशी. पण बर्फात कसलीही पावलं उमटलेली दिसली की तेवढा तुकडा सोडून त्या पुढं जायच्या. ससा असो, कोल्हा असो, मांजर असो. सगळा ड्राइव्हवे साफ आणि मधेमधे बर्फाची बेटं. एका सकाळी संजय गाडीत बसून हॉर्न द्यायला लागला.

"कुंदाताई, मला लेट होतोय. ते शेजारच्यांचं मांजर आहे, दुसरं काही नाही."

"मांजर त्यांचंच आहे, संजयभाऊ. पण काल चार पायांनी गेलं होतं, आज तीनच टेकवून राह्यलं. त्यांना सांगून द्या नं."

संजयनं सांगितलं. मांजराच्या पंज्यात काच निघाली. तेव्हापासून बर्फ पडला की संजय हॉर्न न देता थोडा लवकर उठायला लागला.

दुसरी तऱ्हा आवाजाची. चित्ता डरकाळी फोडत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. तो पक्ष्यासारखा ओरडतो. हे त्या नुसतं सांगून थांबायच्या नाहीत, करून दाखवायच्या, आणि जागा बघायच्या नाहीत. एकदा ग्रोसरीला गेलो असताना मी विचारलं आणि त्यांनी कांद्या-बटाट्याच्या ढिगाशेजारी उभं राहून तो आवाज काढला. दुकानातला एक पोरगा वर छताकडं बघत हिंडायला लागला, पाखरू कुठं अडकलंय ते शोधत. कुंदाबाई शांतपणे बटाटे निवडत होत्या. मी त्यांना म्हणालो, "अवो बाई, त्येला सांगा तरी." तर म्हणाल्या, "शोधू द्या. त्याचा दिवस कंटाळवाणा आहे."

धुण्याचं मशीन बेसमेंटमध्ये, त्यामुळं कपडे टाकायला खाली जावं लागायचं. मशीनच्या बाजूची सगळी भिंत त्यांनी चित्त्यांच्या फोटोंनी भरून टाकली होती. रानात झाडाला कॅमेरा बांधून ठेवायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो, तसले फोटो. डावी कूस एका ओळीत, उजवी दुसऱ्या. प्रत्येकाचे ठिपके वेगळे, शेपटीची वळी वेगळी, त्यावरून कोण ते ओळखायचं. नावं त्यांनी नागपूरच्या वस्त्यांची ठेवली होती. हा बर्डी, हा त्याचा भाऊ इतवारी, तो महाल, ती धंतोली.

मी म्हणालो, "ह्यात अवघड काय? कळपात कुठलं मेंढरू कुणाचं त्ये मी तोंडावरनं सांगायचो."

"मग सांगा," म्हणाल्या आणि दोन फोटो हातात दिले. "एकच आहे का दोन?"

मी चष्मा लावला, उजेडाला धरले, चांगला वेळ घेतला. "दोन वायले," मी ठामपणे सांगितलं.

"एकच आहे. धंतोली. एक पोटुशी असताना, एक नंतर."

मी म्हणालो फोटो वाईट आलाय. त्या म्हणाल्या, फोटो चांगला आलाय. पुढं बरेच दिवस मी कपडे टाकायला गेलो की गुपचूप त्या भिंतीकडं बघत उभा राहायचो, पण मला ते काही जमलं नाही. मेंढराची गोष्ट वेगळी आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय ही बाई काय होती ते कळायचं नाही.

चित्ता लांब लांब फिरतो. पण त्याच्या मुलखात काही ठराविक झाडं असतात. मोठी, वाकडी, चढायला सोपी. नर तिथं येऊन बुंध्यावर मुततो, नखं ओढतो. दुसरे येऊन वास घेतात, कोण येऊन गेलं ते त्यांना कळतं. माद्याही येतात. मी म्हणालो, म्हंजे गावचा पारच की. त्या म्हणाल्या, पारच. आणि ज्या नरांचा तो पार, ते तिथं पुन्हा पुन्हा येणार, म्हणून त्याच्या आसपासच्या रानात शेळ्यांची करडं आणि गाईंची वासरं जास्त जातात. कुंदाबाईंनी चित्त्यांच्या गळ्यात पट्टे घालून, त्यांच्या वाटा बघून ही झाडं शोधली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. करडं-वासरं लहान असतील तोवर झाडाजवळचं रान सोडून दुसरीकडं चारा. तुमचं नुकसान कमी, चित्ताही वाचला.

पण अडचण इथंच होती. तिकडं चित्ता धरायचा म्हटलं तर तो याच झाडाशी धरतात. झाडाभोवती काट्यांचं कुंपण करायचं, एकच वाट ठेवायची, त्या वाटेवर पिंजरा. आमिषसुद्धा लागत नाही. झाडापाशी जायच्या ओढीनं तो आपण होऊन आत शिरतो. म्हणजे शेळीवाल्याला झाड दाखवलं तर तो करडं वाचवील, किंवा सगळे चित्ते एकेक करून मारील. आणि न दाखवलं तर तो ऐकणारच नाही.

हे शेळीवाल्यांना कसं सांगायचं याची तालीम त्या माझ्यावर करायच्या. जायचे दिवस जवळ आले की संध्याकाळी वर यायच्या, जेवणाच्या टेबलावर पेला उपडा घालायच्या, ते झाड. भोवती शेंगदाणे, ती करडं.

"आज तुम्ही योहानेस," म्हणायच्या. योहानेस म्हणजे तिकडच्या वस्तीतला सगळ्यात जुना शेळीवाला. त्याच्या शब्दाशिवाय वस्ती हलत नाही. स्वभाव, कुंदाबाईंच्या मते, माझ्यासारखा.

"तुमची करडं गेली. काय म्हणता?"

"म्हणायचं काय? बंदूक कुठाय त्ये इचारतो."

"बंदूक चालवली. चित्ता मेला. पुढं?"

"पुढं करडं सुखानं चरत्यात."

"नाही चरत. जागा रिकामी झाली. आता बाहेरचे नर येऊन राह्यले, त्या झाडासाठी भांडून राह्यले. ते कुठून येते, कुठं जाते, मलाही माहीत नाही."

"त्येस्नी बी मारतो."

"किती मारान?"

"हायत तितकं."

त्या हसायच्या. "योहानेस असाच म्हणते, शब्द न् शब्द." मग एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकायच्या. मनीषा पोळ्या करता करता म्हणायची, "कुंदाताई, आप्पांना तुम्ही कशाला समजावता? आम्ही अजून त्यांना विंटर जॅकेटचं समजावतोय."

एका संध्याकाळी मात्र त्या खेळत नव्हत्या. पेला उपडा घातला आणि त्याच्यावर हात ठेवून बसल्या.

"आप्पाजी, खरंखरं सांगा. मी तुम्हाला झाड दाखवलं तर तुम्ही काय करान?"

"पिंजरा लावीन."

"न् मी झाड न सांगता नुसतं म्हटलं, करडं तिकडं नका नेऊ, तर?"

"तर म्हणीन, माझ्या रानात हिकडं जा तिकडं जा म्हणणारी तू कोण बाई?"

त्यांनी शेंगदाणे एकेक करून संपवले. मग म्हणाल्या, "मग सांगावंच लागते."

मी पिंजरा लावीन म्हटलं होतं ते त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकूनच म्हणाल्या.

त्या वर्षी त्या गेल्या आणि वस्तीची बैठक घेतली. वयस्कर माणसं सावलीत बसली, पोरं मागं उभी. कुंदाबाईंनी मला ऐकवलं होतं तसंच सगळं सांगितलं, आणि बर्डी-इतवारीचं झाड चालत जाऊन दाखवलं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. योहानेसनं शब्द दिला, आमच्या वस्तीतला कुणी तिथं पिंजरा लावणार नाही. परत आल्या तेव्हा बाई अशा खुशीत होत्या की ड्राइव्हवेवर एकही बेट राहिलं नाही. पावलं होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

तो फोन आला तेव्हा दुपार होती. कुंदाबाई आमच्या स्वयंपाकघरात मनीषाबरोबर मेथी निवडत होत्या. फोन कानाला लावून नुसतं ओके, ओके म्हणत राहिल्या. मग पलीकडचाच बोलत राहिला. फोन ठेवला, पुन्हा जुडी हातात घेतली.

"काय झालं, ताई?" मनीषानं विचारलं.

"इतवारीला मारलं. पिंजऱ्यात धरून. त्याच झाडाशी."

बाईंनी सगळी मेथी निवडली, देठं गोळा केली, ओटा पुसला आणि खाली गेल्या.

थोड्या वेळानं मी कपड्यांची बादली घेऊन खाली गेलो. कपडे धुवायचे नव्हते, पण नुसतं कसं जायचं. त्या भिंतीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. इतवारीचा फोटो जागच्या जागी होता.

"योहानेसनं शब्द मोडला म्हणा की," मी म्हणालो.

"नाही. योहानेस फोनवर रडून राह्यला होता. पुतण्यानं केलं. पेत्रुस. शेळ्यांमागं तोच जाते. योहानेसचे गुडघे गेले, तो वस्तीतच बसून राह्यते." मग माझ्याकडं वळल्या. "आप्पाजी, तुम्ही शेवटच्या वर्षांत मेंढरांमागं जात होते?"

"न्हाय. भावाची पोरं जायची. मी तळावर."

"अन् गावात बैठक असली की कोण बसायचं?"

"मीच. आनि कोण बसणार?"

हे बोललो आणि हातातली बादली खाली ठेवली.

"पेत्रुस मागं उभा होता," त्या म्हणाल्या. "दोन लेकरांचा बाप आहे, पण म्हाताऱ्यांपुढं बसत नाही तो. अर्धं ऐकलं न् शेळ्या सुटल्या म्हणून उठून गेला. झाड कुठं आहे ते त्याच्या कानावर गेलं. कशासाठी सांगितलं ते गेलंच नाही. मी सगळी तालीम तुमच्यावर केली नं. म्हातारा पटला की झालं, असं मनात धरून बसली. शेळ्यांमागं कोण चालते ते विचारलंच नाही कुणाला."

मी म्हणालो, "मला तरी कुठं सुचलं." त्या म्हणाल्या, "तुम्हाला कसं सुचणार, तुम्ही तर योहानेस होते." बोलताना हसल्या नाहीत, पण रागही नव्हता.

युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या वरच्या साहेबानं सांगितलं, बाकीच्या झाडांची माहिती आता बाहेर जाता कामा नये. एक चूक झाली, पुरे. संजयही तेच म्हणाला. मीही तेच म्हणालो, आणि माझं म्हणणं जास्त जोरात होतं. एक जनावर तुमच्या सांगण्यावरून मेलं, आता उरलेली झाडं दाखवायला जाणार म्हणजे काय. महालचं झाड आहे, पलीकडं अजून आहेत. तोंड मिटून बसा.

"वस्तीतले पेत्रुसला म्हणतील, बाई झाडं लपवून राह्यली," कुंदाबाई म्हणाल्या.

"म्हनू द्या."

"मग त्याला वाटेल की मी चित्त्यांच्या बाजूनं आहे."

"हायच की तुमी."

"हो नं," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या बाजूनंही आहे. हे त्याला बैठकीत नाही कळणार. त्याच्याबरोबर चालावं लागते."

त्यांनी शिकवण्याच्या कामातून सुट्टी काढली आणि बर्फ वितळायच्या आधीच गेल्या. या वेळी तालीम नव्हती. मी एका संध्याकाळी आपणहून टेबलाशी जाऊन बसलो होतो, शेंगदाण्याचा डबाही काढून ठेवला होता. त्या पाणी प्यायला वर आल्या, डबा बघितला, म्हणाल्या, "आता कुणाचं सोंग देऊ तुम्हाला, आप्पाजी? पेत्रुस कसा आहे ते मलाच माहीत नाही." मूठभर शेंगदाणे मात्र घेऊन गेल्या.

वर्षभर फारशी खबर नव्हती. एकदा मनीषाच्या फोनवर फोटो आला, नुसते दोन पाय, टाचा फुटलेल्या, शेजारी एक शेळी अर्धी दिसतेय. खाली लिहिलं होतं, आप्पाजींना दाखवा. मी म्हणालो, कोकमाचं तेल लावा म्हणून कळव. मनीषानं कळवलं.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर त्या आल्या, बेसमेंट रिकामं करायला. आता तिकडंच राहायचं ठरवलं होतं. आधीपेक्षा काळ्या आणि बारीक झाल्या होत्या, चालताना एक खांदा पुढं काढायची सवय लागली होती, काठी खांद्यावर आडवी टाकून चालणाऱ्याची असते तशी. चहाला बसल्या आणि मी न विचारता सांगायला लागल्या.

पहिले कितीतरी दिवस पेत्रुस त्यांच्याशी बोललाच नाही. हा शेळ्यांमागं पुढं, ह्या त्याच्या मागं. चित्त्याचा विषय त्यांनी काढला नाही. एक दिवस पाण्यावर शेळ्या थांबल्या असताना त्यानं विचारलं, बाकीची झाडं कुठं आहेत.

"मग?" मी विचारलं.

"सांगितली."

"सगळी?"

"सगळी. विचारली त्याच दिवशी."

"अवो, वेड लागलं का तुम्हाला? बंदूक त्येच्या खांद्यावर."

"विचारल्यावर नाही सांगितलं, तर पुढं विचारणं बंद होते, आप्पाजी. मग तो मला कधीच काही नसता विचारत."

एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला, आणि मग ज्या आवाजात कुणी बाजारभाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, की त्यानंतर रोज उजाडलं की आधी झाडाकडं नजर जायची. काट्यांचं कुंपण दिसतं का ते बघायला. रोज. महाल दिसला नाही की वाटायचं, गेला. मग दोन दिवसांनी दिसायचा.

इतवारी गेल्यावर बर्डी एकटा पडला होता. एकट्याला झाड राखता येईना. बाहेरून नवे नर आले, आज इकडं, उद्या तिकडं, आणि पेत्रुसची करडं पहिल्यापेक्षा जास्त जायला लागली. हे त्याला कुंदाबाईंनी सांगायची गरज नव्हती, शेळ्या त्याच्याच होत्या. उलट महालच्या बाजूला, जिथं कुणी काही केलं नव्हतं, तिथं महाल ठरलेल्या वाटांनी येत-जात होता. शेळ्या व्यायच्या दिवसांत पेत्रुसनं एका सकाळी कळपाचं तोंड फिरवलं आणि कोरड्या नदीच्या पलीकडं करडं नेली. बाईंना काही बोलला नाही. चारा तिकडं कमी होता, चाल जास्त होती, तरी नेली.

मग पुन्हा वस्ती बसली. शेजारच्या एकाला महालच्या झाडाशी पिंजरा लावायचा होता. या खेपेला कुंदाबाईंनी हट्ट धरला होता की शेळ्यांमागं चालणारे पुढं बसतील. योहानेसला हे अजिबात आवडलं नाही, पण तो सरकला.

"मी आठवडाभर काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं," कुंदाबाई म्हणाल्या. "उठायला लागली, तर पेत्रुस आधीच उभा. म्हणाला, त्या झाडावर कोण येते ते मला माहीत आहे. ती कुठून येते, कधी येते, माहीत आहे. तिला मारलं तर उद्या कोण येईल, ते या बाईलाही माहीत नाही. मी एकदा मारून पाह्यला."

"बरोबर बोलला."

"अर्धंच बरोबर. महालला तो मादी म्हणून राह्यला होता. न् झाडाची दिशाही चुकली."

"मग तुमी सांगितलं न्हाय?"

"नाही. बसून राह्यली."

मी विचारलं, पिंजऱ्याचं काय झालं. त्या म्हणाल्या, या हंगामात नाही लावला. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. म्हणून तर जाते.

संजय म्हणाला, एअरपोर्टपर्यंत मी सोडतो. त्यांनी ऐकलं नाही. युनिव्हर्सिटीच्या स्टॉपवरून मिसिसागाकडं जाणारी बस असते, तिनं जाऊन पुढं एअरपोर्टची पकडीन म्हणाल्या. सामान एवढंसंच. हिवाळी कोट मनीषासाठी ठेवला होता, तो मनीषाला लांब होतो. भिंतीवरचे फोटो सगळे काढून बरोबर घेतले, भिंतीवर फक्त टाचण्यांची भोकं राहिली. संजय म्हणतो रंग द्यायला पाहिजे. मी नको म्हणालोय.

स्टॉपवर मी गाडीतून उतरलो. गुडघ्यांमुळं उभं राहायला त्रास होतो, तरी उतरलो. बाईंनी वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणालो, "योहानेसला सांगा, म्हातारपणी मागं बसायला काय वाटत न्हाय."

"खोटं बोलता," त्या म्हणाल्या. "सांगते."

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. शेजारी एक गोरा म्हातारा होता, डोक्यावर शेतकऱ्यांची असते तशी टोपी, हात मांडीवर ठेवून पुढं बघत बसलेला. बस अजून सुटली नव्हती. मला वाटलं बाई खिडकीतून बघतील, म्हणून मी हात वर करून तयार उभा. पण बाई शेजारच्या म्हाताऱ्याकडं वळल्या होत्या. डाव्या हाताचा पंजा झाडासारखा उभा धरला होता आणि उजव्या हाताचं बोट त्याच्याभोवती फिरवत होत्या, पुन्हा पुन्हा, कधी जवळून, कधी लांबून. म्हातारा पहिल्यांदा नुसता मान हलवत होता. मग त्यानं टोपी मागं सरकवली, अंग वळवलं आणि काहीतरी विचारलं.

बस वळली तेव्हा त्या अजून सांगत होत्या.